कस, टंच, कॅरट, 916: शब्द चार, अर्थ किती?

शनिवारपेठी:
लक्ष्मी रस्त्यावरच्या पेढीच्या पावतीवर '22 कॅरट' असतं, दागिन्यावर '22के916' कोरलेलं असतं. तोच दागिना मोडायला नेला की काउंटरवरचे म्हणतात, 'टंच 88 आला.' त्यात आपल्या मराठीत बावनकशी आणि शंभर नंबरी आहेतच. हे सगळे शब्द एकाच गोष्टीचे का? आणि बावनकशी म्हणजे नक्की किती कॅरट?

सराफकट्टा:
मोजायची गोष्ट एकच, शुद्ध सोन्याचं प्रमाण. फरक फक्त किती भाग पाडले याचा. कॅरटमध्ये 24 भाग, टंचात 100, हॉलमार्कच्या आकड्यात 1000. 22 भागिले 24 केलं की 0.9166 येतं, म्हणून 916. तसंच 20 कॅरट म्हणजे 833 आणि 18 म्हणजे 750. 14 कॅरटचं गणित 583 येतं, पण भारतीय मानकात 585 धरतात. तिथे कॅलक्युलेटर घेऊन भांडू नका. 24 कॅरटमध्येही 999 आणि 995 असे दोन दर्जे आहेत, तेव्हा नाणं किंवा वेढणी घेताना नुसतं 'चोवीस' ऐकून थांबू नये, पुढचा आकडा विचारावा.

टंच 88 म्हणजे 88 × 24 ÷ 100 = 21.12 कॅरट. 20 ग्रॅमच्या दागिन्यात 916 ने 18.32 ग्रॅम शुद्ध सोनं निघायला हवं, 88 टंचाने 17.6 निघतं. पाऊण ग्रॅमच्या आसपास फरक पडला, आणि आजच्या भावात तो किरकोळ नाही.

शनिवारपेठी:
मग पावती खोटी म्हणायची का?

सराफकट्टा:
पावती जुनी असेल तर लगेच तसं म्हणू नका. दागिन्याचे सांधे झाळताना वापरायचा धातू दागिन्याच्या आधी वितळला पाहिजे, नाहीतर दागिनाच वितळून बसतो. त्यासाठी त्यात तांबं-चांदी जास्त घालत, म्हणजे सांध्याचा कस मूळ पत्र्यापेक्षा कमी. पाटलीला सांधे थोडे, त्यामुळे घट कमी. बारीक कड्यांची साखळी किंवा मण्यांची ठुशी घेतली तर सांधेच सांधे. मुशीत सगळं एकत्र वितळलं की टंच खाली येतो. पत्रा 22 चा होता हे खरं, दागिना 22 चा नव्हता हेही खरं. हल्ली हॉलमार्क लागतो तो झाळणीसकट अख्ख्या दागिन्याला, ही सबब आता चालत नाही.

यातूनच 'केडीएम' हा शब्द आला. पुष्कळ लोक तो शुद्धतेचा दर्जा समजतात, तसा तो नाही. केडीएम म्हणजे कॅडमियम घातलेली झाळण. कॅडमियम 767 अंशांना उकळतं, झाळताना बरंचसं उडून जातं, म्हणून झाळणीतही सोन्याचं प्रमाण 92 टक्क्यांपर्यंत ठेवता येई. पण तो धूर कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक. आता जस्त वगैरे वापरतात. आज कोणी 'केडीएम आहे, निर्धास्त घ्या' म्हणालं तर त्यातून शुद्धता काहीच कळत नाही.

कोशकिडा:
बावनकशीचं राहिलं. बावन्न वेळा कसाला लावलं तरी उतरणारं, असं ते विशेषण आहे, एकक नव्हे. 24 आणि 52 चं त्रैराशिक मांडायला जाऊ नये. शंभर नंबरी मात्र टंचाच्या शंभराशी सरळ जुळतं.

'कस' संस्कृत 'कष्', म्हणजे घासणे, यातून आला. कसोटी म्हणजे कषपट्टिका, घासायची दगडी पट्टी. 'निकष' हाही मुळात तोच दगड. त्यावरून एक नेहमीची चूक: 'निकस' आणि 'निकष' वेगळे. निकस म्हणजे कस नसलेलं, जसं निकस अन्न. हिणकसमध्ये हीण आणि कस दोन्ही बसलेत. हीण म्हणजे सोन्यातला हलका धातू.

आणि 'तावून सुलाखून' यातलं सुलाखणं लोक विसरलेत. तावणं म्हणजे तापवणं, सुलाखणं म्हणजे भोक पाडून आत काय आहे ते बघणं. वरून सोनं आणि आत तांबं असेल तर नुसत्या घासण्याने कळणार नाही, म्हणून सुलाख.

प्रयोगशाळा_कोपरा:
कोशकिडा यांनी दाखवलेली अडचण आजच्या यंत्रालाही चुकलेली नाही. पेढीवर क्ष-किरणांचं यंत्र मिनिटभरात आकडा देतं, पण ते पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच वाचतं. जाड मुलामा असेल तर मुलाम्याचाच टंच दाखवेल. म्हणून मोडीच्या वेळी आधी वितळवून मग वाचन घेणं योग्य. वितळवण्यापूर्वी खडे, काळे मणी, लाख काढून निव्वळ वजन तुमच्यासमोर करून घ्या. कोल्हापुरी साजाच्या पानड्यांत लाख भरलेली असते. ती जळून गेली की वजन घटतं आणि गिऱ्हाईक सोनाराला चोर ठरवतं.

कसोटीवर रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळईची रेघ, दोन्हींवर आम्ल. हलका धातू विरघळतो, रेघ किती टिकली ते बघायचं. नजर तयार असेल तर एखाद्या कॅरटपर्यंत अंदाज येतो, त्याहून बारीक नाही. शेवटचा निवाडा अग्निपरीक्षेचा: दागिन्याचा तुकडा घ्यायचा, त्यात चांदी मिसळून शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा, सच्छिद्र मुशीत तापवायचा. शिसं आणि हलके धातू मूस शोषून घेते. उरलेल्या गोळीतली चांदी नायट्रिक आम्लाने काढली की राहतं ते सोनं, त्याचं वजन करायचं. तुकडा तोडावा लागतो, म्हणून घरच्या दागिन्याला लोक तयार होत नाहीत.

शनिवारपेठी:
हिऱ्याचा कॅरट हाच का? आणि तुळशीबागेत 'वन ग्रॅम'चे दागिने मिळतात, त्यात एक ग्रॅम सोनं असतं?

कोशकिडा:
शब्द एकाच मुळाचा, अर्थ वेगळा. हिऱ्याचा कॅरट हे वजन, 200 मिलिग्रॅम. सोन्याचा कॅरट हे प्रमाण. त्याला ग्रॅममध्ये उत्तर नाही.

सराफकट्टा:
वन ग्रॅम हे विकायचं नाव आहे. आत तांबं-पितळ, वर सोन्याचा पातळ मुलामा. लग्नात मिरवायला छान, पण मोडीत त्याला कॅरट लावता येत नाही.

एक कामाची गोष्ट: 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक, लागतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाका. नुसतं 'बरोबर' आलं म्हणून खूश होऊ नका. अॅपमध्ये अंगठी लिहिलेली आणि हातात बांगडी, असं दिसलं तर घेऊ नका. हॉलमार्कपेक्षा शुद्धता कमी निघाली तर कमी पडलेल्या सोन्याच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च विक्रेत्याने द्यायचा, असा नियम आहे. पावती मात्र जपून ठेवावी लागते.

शनिवारपेठी:
शेवटचं. घरातल्या जुन्या यादीत 'पाटल्या 4 तोळे' आहे. ग्रॅम किती धरू?

सराफकट्टा:
यादी जुनी असेल तर 46.66. जुना तोळा 12 माशांचा, 96 गुंजांचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. आज पेढीवर तोळा म्हणतात तो सरळ 10 ग्रॅमचा. आणि यादीतलं वजन लाखेसकट आहे का, ते आधी बघा.