मदत हवी आहे: चौघांसाठी जुनं छोटं विमान, सेस्ना १८२ की पायपर डकोटा?
डेन्व्हरच्या सेंटेनियलवरून उडतो. विमानतळच ५,८८५ फुटांवर, हवा विरळ, उन्हाळ्यात आणखीच. प्रायव्हेट लायसन्स आहे. भाड्याचं सेस्ना १७२ करून पाहिलं. जुलैची दुपार, आम्ही दोघं, दोन मुलं, अर्धीच टाकी. अर्धी धावपट्टी संपली तरी चाकं जमिनीलाच. थ्रॉटल मागे घेतला, थांबलो. मुलं मागे बसलेली असताना तो धोका पुन्हा पत्करायचा नाही.

टर्बो (विरळ हवा दाबून इंजिनाला देणारी यंत्रणा) नको, देखभाल झेपणार नाही. आत जाणारी चाकंही नकोत, विमा वाढतो. उरली ही दोन: १८२ (२३० अश्वशक्ती) आणि डकोटा (२३५). १८२ ला दोन दारं, पण कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो म्हणतात. डकोटाला एकच दार, तेही पंखावरून.

उंचावरच्या विमानतळांवरून उडणाऱ्यांनी सांगा: उन्हाळ्यात चौघं आणि तीन तासांचं इंधन घेऊन प्रत्यक्षात मिनिटाला किती फूट चढतं?