मदत हवी आहे: बाळ स्वाधीन करायला इंदूरची बाल कल्याण समिती चालेल का?

नमस्कार मंडळी. ओळखीतली एक अविवाहित मुलगी इथे इंदूरला खोली घेऊन राहते. सज्ञान आहे, नववा महिना लागलाय. बाळ वाढवणं शक्य नाही, हा निर्णय तिचा स्वतःचा. कृपया तिची समजूत घालायला सांगू नका. ओळखीत परस्पर देण्याचंही सुचवू नका, ते बेकायदेशीर आहे.

1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर बोललो. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 35 खाली बाल कल्याण समितीपुढे बाळ स्वाधीन करता येतं, फेरविचाराला दोन महिने मिळतात, हे कळलं. दवाखान्यातल्या मावशी म्हणाल्या, "सोडलेल्या बाळांसाठीच्या पाळण्यात ठेवा नि निघा, कोण विचारतंय!" तिला ते नको. दवाखान्याच्या पिशवीत तिने झबलं-टोपडं धुऊन ठेवलंय. बाळ कुणाच्या तरी हाती रीतसर सोपवायचंय. मला ते फार पटतं.

अडचण अशी की आधार कार्डावर पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला. तिकडे गेली तर गावभर बभ्रा होईल. प्रसूती इंदूरला झाली तर इथलीच समिती स्वाधीनपत्र करून घेते का? आणि ओल्या बाळंतिणीने बाळ घेऊन तिथे जायचं, की सदस्य वॉर्डात येतात?