रूम टेंपरेचरचा दावा जरा जपून

असा एक दावा आहे की युरोपियम सल्फाइड (चुंबकीय पदार्थ) आणि बिस्मथ सेलेनाइड (स्वतः चुंबकीय नसलेला टोपॉलॉजिकल इन्सुलेटर, म्हणजे आतून वीज न वाहू देणारा पण पृष्ठभागावर वाहू देणारा पदार्थ) यांचे थर जिथे चिकटतात त्या इंटरफेसवर मॅग्नेटिझम रूम टेंपरेचरलाही टिकतं. २०१६ चा नेचरमधला तो पेपर भारीच आहे, कारण नुसतं युरोपियम सल्फाइड साधारण १७ केल्विनच्या (उणे २५६ अंश सेल्सियस) वर फेरोमॅग्नेट, म्हणजे लोखंडासारखं कायम चुंबकीय, राहतच नाही आणि इथे न्यूट्रॉन वापरून थरांत किती खोलवर किती मॅग्नेटिझम आहे ते मोजलं तर ३०० केल्विनलाही (म्हणजे रूम टेंपरेचरला) सिग्नल दिसला! पण २०२० मध्ये दुसऱ्या गटाने एक्स-रेने एकेक मूलद्रव्य वेगळं तपासलं तर बिस्मथ, सेलेनियम कशातच मॅग्नेटिझम सापडलं नाही, म्हणजे असलंच तर दर अणूमागे बोर मॅग्नेटॉनच्या (अणूचं मॅग्नेटिझम मोजायचं एकक) साधारण हजाराव्या भागाहून कमी. मला हेच जास्त पटतं, कारण न्यूट्रॉनच्या डेटावर मॉडेल बसवावं लागतं, एक्स-रेत मूलद्रव्य थेट ओळखता येतं.