मदत हवी आहे: क्लासमधल्या मुलीचा फोटो फिरतोय. तक्रार केली तर तीच आरोपी होईल का?

खडूवाली | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार. एरवी इथे फक्त पाककृती वाचते, त्यामुळे लिहिताना हात जरा अडखळतोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ऐरोलीला घरीच दहावीचे क्लास घेते, गणित आणि विज्ञान. चौदा मुलं आहेत. दारात वेताची टोपली ठेवली आहे, आत येताना मोबाईल तिच्यात टाकायचा. काल बॅच सुटली, सगळ्यांनी आपापले मोबाईल उचलले, एकच राहिला. ज्या मुलीचा होता ती बाथरूममध्ये होती आणि मोबाईल थरथरत थरथरत टोपलीच्या कडेला येऊन टेकला होता. मेसेजवर मेसेज. ती बाहेर आली, स्क्रीनकडे बघितलं आणि चपलांच्या रॅकजवळ मटकन खालीच बसली.

अर्ध्या तासाने बोलली. वय पंधरा. दिवाळीच्या सुट्टीत तिने स्वतःचाच नको तसा फोटो काढून एका मुलाला पाठवला. तोही माझ्याच बॅचचा, सोळा पूर्ण. तेव्हा जमलं होतं, नंतर फिसकटलं. त्याने तो फोटो एका मित्राला पाठवला, "फक्त एकालाच". त्या मित्राचा भाऊ एकोणीस वर्षांचा, कॉलेजला. त्याने तो दोन ग्रुपवर टाकला. आता तिला अनोळखी नंबरांवरून मेसेज येताहेत.

ती म्हणते, बाई, आईबाबांना सांगू नका, मी मरेन. असलं वाक्य ऐकल्यावर मी तिला एकटी कशी सोडणार? घरापर्यंत सोडून आले. आईला एवढंच म्हटलं, बरं वाटत नाहीये, रात्री तिच्याजवळ झोपा.

माझे प्रश्न:

बाईंनी, म्हणजे मी, पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे का? ती नको म्हणते तरी?

शेजारचे काका म्हणाले, फोटो तिनेच काढून पाठवला म्हणजे कायद्याने तीही गुन्हेगार. खरं आहे का हे?

मुलाचं काय होईल? चुकलाय, मलाच चार ठेवून द्याव्याशा वाटतात. पण सातवीपासून शिकवतेय त्याला.

आणि एक भलतंच. मी फोटो बघायचा नाही असं ठरवलं होतं, तर रात्री दुसऱ्या एका मुलाच्या आईने मलाच व्हॉट्सॲपवर पाठवला. "मॅडम, बघा तुमच्या क्लासमध्ये काय चाललंय." आता तो माझ्या गॅलरीत आहे. काय करू?

---

पामबीचचा_सायकलवाला | रात्री ११:५२

ताई, आधी त्या मुलीच्या घरी सांगा. कायदा नंतर.

---

तिखटजाळ | बुधवार, सकाळी ६:१५

स्पष्ट बोलतो, राग नसावा. मुलींनी पाठवायचेच कशाला असले फोटो? टाळी एका हाताने वाजत नाही.

---

अळूवडी | सकाळी ६:३१

तिखटजाळ, फोटो पाठवायला एकच हात लागला हे मान्य. पण कॉलेजच्या दोन ग्रुपवर तो पोचवणारे हात कोणाचे? त्यांच्याबद्दल एक ओळ नाही तुमच्या प्रतिसादात.

---

कोर्टनाका | सकाळी ७:०५

मी ठाणे कोर्टात वकिली करतो. लोकल पकडायच्या आत लिहितोय, म्हणून थेट.

तुमच्या मोबाईलचं आधी. फोटो कोणालाही पुढे पाठवू नका. "पुरावा" म्हणून मलाही नको, मुख्याध्यापकांना नको, तिच्या वडिलांनाही नको. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड बंद करा. कोणी पाठवला, किती वाजता, हे कागदावर लिहून ठेवा, पोलिसांना सांगा आणि ते म्हणतील तेव्हा पुसा. कळवण्यासाठी किंवा कोर्टात पुरावा म्हणून जवळ असणं वेगळं आणि पसरवण्यासाठी असणं वेगळं, हा फरक पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणाऱ्या कायद्याचं, कलम १५ स्वतःच करतं. त्या काळजीवाहू आईंनी मात्र 'बघा काय चाललंय' म्हणत तुम्हाला फोटो पाठवून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब स्वतःवर ओढवून घेतलंय. त्या सज्ञान आहेत, त्यांना अठराखालच्यांसाठीच्या बाल न्याय कायद्याचं पांघरूणही नाही.

कळवणं सक्तीचं आहे. पॉक्सो, २०१२, कलम १९. गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना सांगायचंच. नाही सांगितलं तर कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. मुलीची परवानगी कायदा विचारत नाही. मला स्वतःला हे कलम आंधळं वाटतं, पण आहे ते असं आहे. चांगल्या हेतूने माहिती दिलीत तर तुमच्यावर काही येत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे.

आता शेजारच्या काकांचं. दुर्दैवाने ते अगदीच चूक नाहीत. ६७ब म्हणतं: १८ वर्षांखालच्या मुलाचं असं चित्र जो तयार करेल, जमवेल, पाठवेल, त्याला पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. चित्र स्वतःचंच असेल तर सूट, असं एक अक्षर त्यात नाही. २००८ च्या दुरुस्तीत हे कलम आलं तेव्हा डोळ्यांसमोर होते मुलांना वापरून धंदा करणारे लोक. दहावीतली मुलगी स्वतःच कॅमेरा धरेल, हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसावं.

प्रत्यक्षात तक्रार नीट लिहिली तर तिला सहसा कोणी आरोपी करत नाही. म्हणून तक्रारीची सुरुवात "मुलीने फोटो पाठवला" अशी करू नका. "मुलीचा खासगी फोटो तिच्या परवानगीविना अमुक तारखेपासून पसरवला जात आहे" अशी करा. पहिल्या वाक्यावरून हवालदार पुढची सगळी गोष्ट ठरवतो.

उरलेलं संध्याकाळी.

---

जुनी_टाकणी | सकाळी ९:२०

मी काही वर्षं एका जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळावर समाजकार्य सदस्य होते. तिथे एक दंडाधिकारी आणि आम्ही दोघे सामाजिक कार्यकर्ते असे तिघे बसतो. दोघांपैकी एक बाई असावीच लागते.

त्या मुलाबद्दल लिहिते, कारण ठाण्याच्या बाजूच्या आईबापांना अशा वेळी भिवंडीचं निरीक्षणगृह दिसायला लागतं आणि ते घाबरून मुलाला गावी पाठवून देतात. तसं होऊ देऊ नका. सोळा वर्षांचा मुलगा कायद्याच्या भाषेत "विधिसंघर्षग्रस्त बालक". त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. सोळा ते अठराच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो तो फक्त निर्घृण गुन्ह्यात, म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षं आहे अशा. ६७ब ला किमान शिक्षाच नाही आणि पॉक्सोच्या कलम १४ ची (अश्लील चित्रांसाठी मुलांचा वापर) पाच वर्षं आहे. म्हणजे त्याचं प्रकरण मंडळाबाहेर जात नाही. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांत तर असंही आहे की गुन्हा निर्घृण नसेल आणि त्यात सज्ञान माणूस सामील नसेल, तर मुलावर एफआयआर न नोंदवता डायरीत नोंद करायची आणि त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा.

तुमच्या बाबतीत गाठ ही की एकोणीस वर्षांचा तो भाऊ मध्ये आहे. त्यामुळे एफआयआर होणार. पण खटला दोघांचा एकत्र चालत नाही. भाऊ विशेष न्यायालयात जाईल, मुलगा मंडळापुढे येईल. मंडळ समज देतं, समुपदेशनाला पाठवतं, समाजसेवा करायला लावतं, कधी आईबापांना दंड भरायला लावतं. पुढे त्या नोंदीमुळे त्याची नोकरी अडू नये अशी तरतूदही आहे.

माझ्यासमोर असली तीन-चार मुलं आली. प्रत्येकाचं पहिलं वाक्य: "मी फक्त एकालाच पाठवला." तुमच्या पोस्टमध्ये तेच वाचलं आणि चहा गार झाला. हे वाक्य खरंच असतं, ते खोटं बोलत नाहीत. त्या एकालाही आणखी एक "एक" असतो हे त्यांच्या डोक्यात आलेलं नसतं, एवढंच.

मुलीला सांगा: तिचा जबाब ठाण्यात जाऊन द्यावा लागत नाही. घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकारी, साध्या कपड्यात. आईबाप किंवा तिचा विश्वास असलेलं माणूस सोबत बसू शकतं. ते माणूस तुम्ही असू शकता.

आणि आधी तिच्या जिवाची काळजी. "मी मरेन" हे हल्ली सगळेच म्हणतात असं समजून सोडू नका. १०९८ लावा, रात्री-अपरात्रीही लागतो.

---

दक्षिणवारा | सकाळी १०:४८

मेलबर्नहून लिहितोय. इथे व्हिक्टोरिया राज्यात हाच घोळ होता. मुलांना वाचवायला केलेला कायदा मुलांवरच उलटत होता. २०१४ मध्ये त्यांनी दोन गोष्टी एकदम केल्या. एक: अठराखालच्या मुलाकडे स्वतःचा फोटो असेल, किंवा आपल्याहून फार तर दोन वर्षांनी लहान अशा कोणाचा असेल आणि त्यात दुसरा कुठला गुन्हा दिसत नसेल, तर तो बालशोषणाच्या मोठ्या कलमात येत नाही. दोन: दुसऱ्याचा खासगी फोटो पसरवणं, किंवा पसरवीन अशी धमकी देणं, याला वेगळा आणि लहान गुन्हा केला. म्हणजे काढणारा एका बाजूला, पसरवणारा दुसऱ्या.

याच्या उलट टोक अमेरिकेत. फ्लोरिडात सोळाची मुलगी आणि सतराचा मुलगा, दोघांचे फोटो, तिसऱ्या कोणाला दाखवलेलेही नाहीत. तरी दोघांवर खटला आणि २००७ मध्ये अपील कोर्टानेही तो योग्य ठरवला. इंग्लंडने २०१६ पासून मधला रस्ता काढला: पोलीस नोंद करतात, पण पुढे जाणं सार्वजनिक हिताचं नाही असा शेरा मारून फाईल बंद करू शकतात.

---

अळूवडी | सकाळी ११:१०

दोन वर्षांच्या सवलतीत एक भोक दिसतं. मुलगी पंधरा, मुलगा सतरा, आणि रोज रात्री "पाठव ना, नाहीतर संपलं आपलं". वय बसतंय, फोटो तिनेच काढलाय. मग ही संमती का? खडूवाली ताई, तुमच्या क्लासमधल्या त्या मुलाने मागितला होता का, की तिने आपणहून पाठवला? उत्तर इथे देऊ नका, पण जबाबात यायला हवं.

---

कोर्टनाका | संध्याकाळी ७:४०

अळूवडींशी सहमत. कायद्यात सूट आली तरी मागणं आणि दबाव हे बघावंच लागेल. पण आपल्याकडे अजून पहिली पायरीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात असले फोटो नुसते साठवण्याबद्दलची कलमं चांगली कडक वाचली आणि 'चाइल्ड पॉर्नोग्राफी' हा शब्दच टाकून द्या, त्यात शोषण दिसत नाही, असं सांगितलं. तिथे ते शंभर टक्के बरोबर. लैंगिक शिक्षणावरही न्यायालय बोललं. पण जिचा फोटो आहे तीच काढणारी असेल तर काय, याचं उत्तर संसदेलाच द्यावं लागेल.

कामाचं: ऐरोली ठाणे जिल्ह्यात असली तरी पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. ठाण्याच्या आयुक्तालयात जाऊन अर्धा दिवस घालवू नका, माझे अशील घालवतात. स्थानिक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा, प्रत्येक ठाण्यात असायलाच हवा. राष्ट्रीय सायबर पोर्टलवरही तक्रार करता येते. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलांना फुकट वकील देतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

शिवाय 'टेक इट डाउन' नावाची एक फुकट सेवा आहे, अठराखालच्यांच्या फोटोंसाठी. फोटो कुठे चढवायचा नसतो. तिच्याच मोबाईलवर फोटोचा डिजिटल ठसा तयार होतो, फक्त तो ठसा जातो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक वगैरे त्यावरून फोटो शोधून अडवतात. व्हॉट्सॲपच्या आतलं मात्र त्याला दिसत नाही.

---

जुनी_टाकणी | रात्री ८:०२

ताई, अजून एक. तुमच्या पोस्टमध्ये गाव, इयत्ता, विषय, मुलांची संख्या सगळं आहे. ऐरोलीत कोणीही ओळखेल. मुलीची ओळख उघड होणं हाही गुन्हाच आहे. संपादकांना सांगून काढून घ्या.

---

खडूवाली | शनिवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. थोडक्यात लिहिते, थकलेय.

गुरुवारी तिच्या आईला आमच्या घरी बोलावलं. मुलगी माझ्या शेजारी बसली आणि तिनेच सांगितलं, मी फक्त पाणी आणून दिलं. आई पाच मिनिटं काहीच बोलली नाही. मग लेकीला म्हणाली, "जेवलीस का?" वडिलांना रात्री सांगितलं. त्यांचं अजून पचनी पडलेलं नाही.

शुक्रवारी तक्रार दिली. कोर्टनाका, तुमचं पहिलं वाक्य घोकून गेले होते. तरी समोरच्या गृहस्थांनी विचारलंच, "पण पाठवला कोणी पहिल्यांदा?" मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग एका बाई अधिकाऱ्यांनी सूत्रं घेतली, त्या संध्याकाळी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये घरी आल्या आणि जबाब झाला. अळूवडी, तो प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर जबाबात आहे.

त्या मोठ्या भावाला बोलावणं गेलंय. ज्या आईने मला फोटो पाठवला होता तिने मेसेज "सर्वांसाठी" पुसलाय आणि मुलाला क्लासमधून काढलंय. चालेल.

कायद्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर विचार करतेय. कायद्याच्या कागदावर माझी ही दोन मुलं एकाच ओळीत बसतात, कारण त्याला फोटो दिसतो, कोणी कोणाचा विश्वास मोडला ते दिसत नाही. तो फरक त्या बाई अधिकाऱ्यांनी केला. त्यांची त्या दिवशी ड्यूटी नसती तर कोणी केला असता, हे मला कळत नाही.

आज ती क्लासला आली. मोबाईल पोलिसांकडे जमा आहे. सवयीने टोपलीपाशी थांबली, पिशवीत हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला.

मुलाच्या आईचा फोन आला होता. विचारतात, तो कधीपासून येऊ? परीक्षा तोंडावर आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय सांगू?

---

जुनी_टाकणी | रात्री १०:३३

शिकवा, पण तिच्या बॅचला नाही. दुसऱ्या दिवशी, एकट्याला बोलवा. आणि मुलीला आधी विचारा. ती नको म्हणाली तर दुसरे क्लास पुष्कळ आहेत.

---

खडूवाली | रात्री १०:४१

विचारते सोमवारी. संपादक मंडळ, वरच्या पोस्टमधून गाव, इयत्ता, विषय आणि मुलांचा आकडा प्लीज काढा. मला बदलायचं बटण सापडत नाहीये.