'अनएलियनेबल राइट्स'ला मराठीत नेमके काय म्हणावे?

अनुवादी: अमेरिकेच्या ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले 'ऑल मेन आर क्रिएटेड इक्वल' हे वाक्य मराठीत आणताना अडचण पुढच्या भागात येते. निर्मात्याने माणसांना काही 'अनएलियनेबल राइट्स' दिले आहेत, असे तिथे म्हटले आहे. मराठीत याला अविभाज्य हक्क, जन्मसिद्ध हक्क, हिरावून न घेता येणारे हक्क आणि अहस्तांतरणीय हक्क असे चार पर्याय वापरलेले दिसतात. यांतला बरोबर कोणता? आणि 'क्रिएटर'ला ईश्वर म्हणावे का?

मोडीवाचक: 'अविभाज्य' आधी बाजूला ठेवा. त्याचा अर्थ वाटणी न होणारे. सातबाऱ्यावर 'नवीन व अविभाज्य शर्त' असा शेरा असतो. त्यात हस्तांतरणाची बंदी 'नवीन शर्ती'त येते आणि 'अविभाज्य'मध्ये फक्त तुकडे पाडण्याची. जाहीरनाम्यात वाटणीचा विषयच नाही.

'एलियनेट' हा मालमत्तेच्या कायद्यातला शब्द आहे. आपली वस्तू विकून, दान करून किंवा लिहून देऊन दुसऱ्याची करणे, असा त्याचा अर्थ. लॅटिन 'एलियेनस' म्हणजे दुसऱ्याचा. इंग्रजी अमदानीत महसुली दप्तरात 'एलियनेटेड' गावाला मराठीत 'दुमाला' म्हणत. सरकारने ज्याचे उत्पन्न इनामदाराला लावून दिले ते गाव दुमाला, सरकारकडे राहिले ते खालसा. करवीर तालुक्यात सडोली खालसा आणि सडोली दुमाला ही दोन्ही नावे अजून आहेत. तेव्हा 'अनएलियनेबल' म्हणजे ज्याला दुमाला करताच येत नाही ते.

वकिली: सहमत. आजच्या कायद्याच्या मराठीत 'एलियनेशन'ला 'अन्यसंक्रामण' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण सामान्य वाचकाच्या हाती तो देऊ नये.

माझा खरा आक्षेप 'हिरावून न घेता येणारे' याला आहे. सगळ्यांत जास्त हेच भाषांतर चालते आणि अर्थ इथेच उलटतो. हिरावून घेणारा परका असतो, 'अनएलियनेबल' मात्र मालकाचेच हात बांधते. तुमचा हक्क तुम्ही स्वतःही कोणाला लिहून देऊ शकत नाही, आणि दिलात तरी तो करार फुकट. हक्क काढूनच घेता येत नाहीत असा अर्थ धरला, तर अमेरिकेची १७९१ ची पाचवी घटनादुरुस्ती समजणार नाही. कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता काढून घेता येणार नाही, असे ती म्हणते. प्रक्रिया पाळून काढून घेता येते हे त्यात गृहीत आहे, नाहीतर गुन्हेगाराला तुरुंगात कसे टाकणार? गुन्ह्यामुळे हक्क गमावणे वेगळे आणि आपखुशीने देऊन टाकणे वेगळे.

अनुवादी: पण वसाहतींचे भांडण राजाशी होते. राजा हक्क हिरावतो, अशीच तर तक्रार होती ना?

वकिली: तक्रारींची लांबलचक यादी पुढे आहेच. हा शब्द त्याआधीचा पाया घालतो. 'तुमच्या पूर्वजांनी राजनिष्ठा पत्करली, आता तुम्ही बांधलेले आहात', हा युक्तिवाद त्याने मोडतो. जे पूर्वजांना देताच येत नव्हते ते त्यांनी दिले असे म्हणता येत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने हेच सांगितले होते: माणसाला स्वतःच्या जिवावर जी सत्ता नाही ती तो कराराने दुसऱ्याला देऊ शकत नाही, म्हणून संमतीनेसुद्धा कोणाचा गुलाम होऊ शकत नाही. व्हर्जिनिया या वसाहतीसाठी जॉर्ज मेसनने लिहिलेल्या हक्कपत्रात, १२ जून १७७६ ला, शब्दच असे आहेत की माणसांना कोणत्याही कराराने आपल्या वंशजांचे हे हक्क घालवता येत नाहीत. सरकार बदलण्याचा वा मोडण्याचा अधिकार यातूनच निघतो.

मोडीवाचक: 'जन्मसिद्ध'बद्दल. टिळकांमुळे हा शब्द जिभेवर आहे, पण तो हक्क कुठून आला ते सांगतो, देता येतो की नाही ते सांगत नाही. जाहीरनाम्याच्या थॉमस जेफरसनने लिहिलेल्या मसुद्यात 'इन्हेरंट अँड इनएलियनेबल' अशी जोडी होती. काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, 'इन्हेरंट अँड' खोडून तिथे 'सर्टन' (काही) घातले. म्हणजे 'जन्मसिद्ध' हे खोडलेल्या शब्दाचे भाषांतर होते! 'इन' की 'अन' यावर वेळ घालवू नका. छापील जाहीरनाम्यात 'अन' आहे, वॉशिंग्टनच्या जेफरसन स्मारकाच्या भिंतीवर 'इन'. अर्थ एकच.

निबंधक: गुलामगिरीचा मुद्दा सोडून या शब्दाचा अर्थ लावू नये. हाच मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा परिच्छेद त्याने मसुद्यात घातला होता, काँग्रेसने तो काढला. १७८७ च्या घटनेत प्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे अशी मोजणी आली, पळालेल्यांना परत देण्याचे कलम आले, पण 'गुलाम' हा शब्द कुठेच घातला नाही. 'सेवेस बांधलेली व्यक्ती' अशी शब्दयोजना केली. गुलामगिरीचे नाव घटनेत आले ते १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, ती रद्द करताना. जे मालकालाही विकता येत नाही म्हणून लिहिले, ते माणसासकट बाजारात विकले जात होते. 'अहस्तांतरणीय' मध्ये ही विसंगती उघडी पडते, 'जन्मसिद्ध' मध्ये झाकली जाते. म्हणून माझे मत 'अहस्तांतरणीय'ला.

'क्रिएटर'साठी मात्र 'ईश्वर' नको. जाहीरनाम्यात कोणत्याही पंथाचा देव नाही. 'निसर्गाचा देव', 'क्रिएटर' असे मोघम शब्द मुद्दाम आहेत. मराठीत यासाठी जोतीराव फुल्यांचा 'निर्मिक' तयार आहे. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली तीही गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, तेव्हा शब्द उपरा वाटणार नाही.

अनुवादी: मग वाक्य असे होईल: 'सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत. निर्मिकाने त्यांना काही अहस्तांतरणीय हक्क दिले आहेत. जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध हे ते हक्क होत.'

वकिली: दोन दुरुस्त्या. 'सुखाचा शोध' म्हटले की हरवलेली वस्तू हुडकण्याचा भास होतो, 'सुखासाठी झटणे' लिहा. हक्क झटण्याचा आहे, सुख मिळण्याचा नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. 'हे ते हक्क होत' नको, 'हे त्यांपैकी होत' करा. मुळात 'अमंग दीज' आहे, यादी तिथे संपत नाही. नववी घटनादुरुस्तीही तेच सांगते: घटनेत काही हक्क मोजून लिहिले म्हणून लोकांचे बाकीचे हक्क नाकारले असे समजू नये.