पिकअपसाठी ऑल-टेरेन टायर सुचवा (८० टक्के डांबरी, हौद्यात मधपेट्या)

मधपेटी
नमस्कार मंडळी. माझ्या डबल कॅब पिकअपचे कंपनीने दिलेले टायर संपत आलेत. खाचांमधल्या झीज दाखवणाऱ्या १.६ मिमीच्या पट्ट्यांना मागचे दोन जवळजवळ टेकलेत, पुढचे थोडे बरे आहेत. माप २६५/६५ आर १७, ११२ टी. गाडी एरवी मागच्या चाकांवर चालते, गरज पडली तर फोर-व्हील टाकता येतं.

वापर असा: ८० टक्के डांबरी, बाकी खडी आणि मुरूम, आणि एके ठिकाणी साधारण ४०० मीटर भुसभुशीत वाळू. मी मधमाश्या पाळते. फुलोरा बदलला की पेट्या हलवाव्या लागतात, वर्षातून पाच-सहा वेळा, तेही रात्री, माश्या आत असताना. तेव्हा हौद्यात ६५० किलोच्या आसपास वजन असतं. गाडी आदळली की आतली मधाने भरलेली पोळी तुटतात, माश्या चिरडतात, कधी राणीही जाते. म्हणून गाडी मऊ चालणं मला फार महत्त्वाचं आहे. गेल्या मोसमात त्या वाळूत दोनदा रुतले आणि ट्रॅक्टर बोलवावा लागला, म्हणून ऑल-टेरेनचा, म्हणजे डांबरी आणि कच्ची वाट दोन्हीसाठीच्या टायरचा विचार.

बजेट: साध्या हायवे टायरच्या चार नगांना जे पडतं त्याच्या सव्वापट. त्याच्या वर नाही. स्टेपनी नवीकोरी आहे, ती धरू नका.

डबलकॅब
बीएफगुडरिच केओ२. विषय संपला. माझे ८०,००० किमी झालेत आणि अजून खाचेत बोटाचं टोक बुडतं. ऑल-टेरेन रेडियल टायर या कंपनीने १९७६ साली काढला, बाकीचे मागून आले. केओ२ आला २०१४ मध्ये आणि आता केओ३ पण आलाय. मिळत असेल तर केओ३च घ्या. बजेट थोडं ताणा. टायर रोज घेत नाही आपण.

खडीवाट
ताई, टायर कोणताही घ्या, पण एलटी (हलक्या ट्रकसाठीचा, जाड बगलेचा) घ्या, लोड रेंज ई, म्हणजे जास्त वजन पेलणारा. मी साधे ऑल-टेरेन घेतले होते, कंपनीचं नाव घेत नाही. वरून नक्षी अगदी दणकट. सहाव्या महिन्यात खडीच्या रस्त्यावर एका धारदार दगडाने बगल फाडली, तळहाताएवढी. बगलेला पॅच लागत नाही, टायर थेट भंगारात. रात्री अकरा वाजता, भर पावसात, जॅक चिखलात बुडतोय. त्या रात्रीनंतर ई सोडून दुसरं काही लावलेलं नाही.

रिमझिम१७
२६५/७० आर १७ घ्या. गाडी उंच होते, दिसतेही भारदस्त. मी घेतलेत, कुठेही घासत नाहीत.

मोजपट्टी
@रिमझिम१७, उंच होते म्हणजे किती, तेही सांगूया. २६५/६५ चा व्यास ७७६ मिमी, २६५/७० चा ८०३. फरक सुमारे २६ मिमी, म्हणजे गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, १३ मिमी. करंगळीची रुंदी. बदल्यात स्पीडोमीटर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मागे पडतो. काटा १०० दाखवेल तेव्हा चाक आधीपेक्षा जास्त, १०३ च्या पुढच्या हिशेबाने पळत असेल. वर गिअर लांब होतात, भरलेली गाडी चढावर ओढताना ते जाणवतं. आणि घासणं गाडीगाडीवर आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून, हौदा भरून, खड्ड्यात चाक दाबलं गेल्यावर बघायचं. उभ्या गाडीत सगळेच टायर बसतात.

रिमझिम१७
माझी भरूनच चालते. घासत नाही.

मधपेटी
सर्वांचे आभार. माप बदलायचं नाही, कारण ते बदललं तर स्टेपनीही बदलावी लागेल. केओ२ ची चौकशी केली, चार टायरना माझ्या बजेटच्या कितीतरी वर जातं. सव्वापटीत बसणारं काही असेल तर सांगा. आणि एलटी ई मऊ चालतो का?

टेकडी
नाही. हे मी अनुभवाने सांगतो, कारण माझा माल तुमच्या पेट्यांसारखाच नाजूक आहे, खिडक्यांच्या काचा. दोन वर्षं एलटी ई वापरले. हौदा भरलेला असताना ठीक, रिकामा असला की प्रत्येक खाच कमरेत. मी एक टायर वजनकाट्यावर ठेवला होता, जुन्यापेक्षा साडेचार किलो जड भरला. ते वजन पाट्यांच्या खाली आहे, स्प्रिंगने तोललेलं नाही, त्यामुळे चाक उसळलं की ते आवरणं पाट्यांना जड जातं. त्या दोन वर्षांत जेवढ्या काचा तडकल्या तेवढ्या आधी कधी नाही. शेवटी साधे परत घातले.

आणि गरज तरी आहे का ते बघा. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. मागच्या दोघांचे झाले २२४०. तुमच्या गाडीच्या दारावरच्या पट्टीवर मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा लिहिलेली असेल, ती याच्या बरीच आत असणार. ६५० किलोला साधा टायर पुरून उरतो.

खडीवाट
वजन पेलणं वेगळं आणि बगल न फाटणं वेगळं. ई म्हणजे १० प्लाय.

मोजपट्टी
१० प्लाय हे रेटिंग आहे, आत खरोखर दहा थर नसतात. जुन्या सुती थरांच्या काळातलं मोजमाप नावात राहिलंय. बगल एलटीची जाड असते हे मात्र खरं. याच मापाच्या एलटीवर बहुधा १२०/११७ असं लिहिलेलं असतं. १२० म्हणजे १४०० किलो, आणि ११७ हा आकडा मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांसाठी. एक गोष्ट टायरवाले सांगत नाहीत: तेवढंच वजन पेलायला एलटीला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दारावरच्या पट्टीचा आकडा त्याला जसाच्या तसा चालत नाही. म्हणजे कडक टायर, त्यात जास्त हवा. पोळ्यांचं काय होईल ते उघड आहे.

जुना_चालक
हवेचा विषय निघालाच आहे तर नायट्रोजन भरा. टायर गार राहतो, मऊ चालतो. मी पंधरा वर्षं तेच भरतो.

मोजपट्टी
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. मऊपणा येतो दाबाने, वायूने नव्हे.

जुना_चालक
पंधरा वर्षांत एकही टायर फुटला नाही माझा. पुस्तकातलं राहू द्या.

डबलकॅब
अहो, ताईंनी टायर विचारलाय, वायू नाही. ताई, केओ२ साध्या वेगाने डांबरीवर मुळीच कडक वाटत नाही. मी सांगतो ना, ८०,००० किमी.

बर्फवाट
आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ असतं, त्यामुळे माझा सल्ला वेगळा. बगलेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह आहे का बघा. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका, ते बनवणारा स्वतःच लिहितो. हिमकणाचं चिन्ह चाचणीत उतरल्यावरच मिळतं. मी फाल्कन वाइल्डपीक एटी३डब्ल्यू वापरते, त्यावर आहे.

मधपेटी
बर्फ नाही हो इकडे, पण माहितीबद्दल आभार.

पहिला_गिअर
मागचे दोनच संपलेत ना? मग दोनच ऑल-टेरेन घ्या. बजेटचा प्रश्नच मिटला.

मोजपट्टी
कृपा करून हे करू नका. अशा फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी घट्ट बांधले जातात. झिजलेला टायर एका फेरीत कमी अंतर जातो, नवा जास्त. तो फरक गिअर आणि शाफ्टमध्ये पीळ म्हणून साठतो. वाळूत चाक घसरून थोडा सुटेल, कोरड्या रस्त्यावर सुटणार नाही. चारही सारखे हवेत.

वाळूवाट
मला एक विचारायचंय. रुतलात तेव्हा टायरमध्ये हवा किती होती?

मधपेटी
मागे ३८ पीएसआय, पुढे ३०. भरलेल्या गाडीसाठी पट्टीवर जी लिहिलीय तीच. का?

वाळूवाट
मग दोष टायरचा नव्हता. ३८ च्या दाबाला टायर वाळूत सुरीसारखा उतरतो. दाब कमी केला की जमिनीला टेकणारा भाग लांबीला वाढतो, गाडीचं वजन पसरतं आणि टायर वर तरंगतो. आणि ऑल-टेरेनची खोल नक्षी कोरड्या वाळूत मदत करतेच असं नाही. चाक फिरलं की नक्षीतले ते ठोकळे वाळू उपसून खड्डा करतात. चिखल आणि खडीसाठी ती नक्षी खरी. मी वाळूत १८ वर उतरतो, पण रिकाम्या गाडीने. तुमचे जुने टायर फेकण्याआधी एकदा रिकाम्या गाडीने करून बघा. फोर-व्हील वाळू सुरू होण्याआधी टाका, लो रेंज (कमी वेग, जास्त ओढ), एकाच चालीत, झटक्याने वळायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटू शकतो. बाहेर आलं की डांबरीला लागण्याआधी हवा परत भरायची. यात हयगय नको. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

जुना_चालक
हवा काढायची म्हणजे नायट्रोजन वाया.

गोल_नक्षी
सगळं वाचलं नाही, पण केओ२ बद्दल कुणी सांगितलं का? फार चांगला टायर आहे.

तारीखवार
धागा जरा मागे नेतो. ताई, तुमची स्टेपनी «नवीकोरी» म्हणजे न वापरलेली ना? तिच्या बगलेवर डॉट अशी अक्षरं शोधा, त्याच ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. नवे टायर घेतानाही हे दुकानातच बघा, बसवण्याआधी. मला एका दुकानदाराने «कालच माल आलाय» म्हणून चार टायर बसवून दिले. घरी येऊन आकडे वाचले तर त्यातले दोन चार वर्षांपूर्वीचे. परत घेतले नाहीत, म्हणे आता चाललेले आहेत. रस्ता एकच, दुकान ते घर. आजही आठवलं की राग येतो.

मधपेटी
बघितलं. स्टेपनीवर ३११७ आहे. म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा. नीट पाहिलं तर बगलेवर बारीक भेगाही दिसतायत. इतकी वर्षं याच चाकाच्या भरवशावर मी रात्री माश्या घेऊन निघत होते. तुमचे मनापासून आभार.

खडीवाट
मग पाच एलटी ई.

डबलकॅब
पाच केओ२. एकदाच खर्च.

*(नऊ दिवसांनंतर)*

मधपेटी
निर्णय झाला. आधी काय करून पाहिलं ते सांगते.

भावाचा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं गेज घेऊन रिकाम्या गाडीने त्या वाळूवर गेले. जुनेच झिजलेले टायर, चारही २० वर. फोर-व्हील लो, दुसरा गिअर. गाडी जिथे दोनदा रुतली होती तिथून न अडखळता गेली, आणि आलीही. मग धीर करून दुसऱ्या दिवशी ३०० किलो वाळूची पोती हौद्यात घातली, मागे २६ ठेवले, माणूस चालतो त्या वेगाने. तेव्हाही गेली. बाहेर आल्यावर चारही टायर भरायला पंचवीस मिनिटं लागली.

म्हणून ऑल-टेरेन घेतलेच नाहीत. साधे हायवे टायर घेतले, मूळ मापाचे, ११२ चेच, आणि चार नाही, पाच. सव्वापटीत बरोबर पाच बसतात. स्टेपनीसकट सगळे एकाच वर्षाचे, आकडे दुकानात टायर आडवा करून मी स्वतः वाचले. वाळूच्या पलीकडे पेट्या दोन खेपांत नेणार, अर्ध्या अर्ध्या, आणि पुढे पूर्ण दाबावर.

टेकडीदादा, काचांचं तुम्ही सांगितलंत त्यावरून मन घट्ट झालं. काल पहिली खेप केली. सकाळी पेट्या उघडल्या, एकही पोळं तुटलेलं नव्हतं. गेल्या वेळी अकरा तुटली होती.

डबलकॅब
तुमची मर्जी. पण पावसाळ्यात चिकणमातीत हायवे टायर काही करणार नाही. खाचा भरल्या की गुळगुळीत गोळा होतो. तेव्हा केओ२ आठवेल.

मधपेटी
ते मान्य आहे. चिकणमाती ओली असेल त्या आठवड्यात पेट्या हलवणारच नाही. पावसात माश्या तशाही हलवत नाहीत.

खडीवाट
बगलेला जपा. दगडावर चाक घासून नेऊ नका, विशेषतः हवा कमी असताना. कमी हवेत बगल बाहेर फुगते, तेव्हाच ती कापली जाते.

वाळूवाट
छान वाटलं वाचून. २६ वर भरलेली गाडी फक्त त्या ४०० मीटरपुरतीच न्या, पुढचा मुरमाचा रस्ता तसाच काढायचा मोह होईल तो टाळा. आणि हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. चालून तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला असतो, तो बघून हवा काढली की सकाळी कमी भरते.

पाटेवाला
चाकं काढून बसवलीत ना? ५०-१०० किमी झाले की नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या. आणि ८-१० हजार किमीला चाकं फिरवा: मागची सरळ पुढे, पुढची तिरकी मागे. पाचही सारखी असल्याने स्टेपनीलाही त्या फेरीत घ्या.

मधपेटी
नट आज संध्याकाळीच बघते.