अनु आगांना खासदारकी आयती मिळाली का?

रेवती_कोथरूड
काल इथे एकाने लिहिलं : "अनु आगा म्हणजे नवऱ्याची कंपनी आणि वरून नेमणुकीची खासदारकी. एक निवडणूक लढल्या नाहीत, त्यांचं कौतुक कसलं?" वाचून डोकं फिरलं.

1996 मध्ये त्यांचे पती रोहिंटन आगा अचानक गेले आणि दोन दिवसांत थरमॅक्स या पुण्याच्या कंपनीचं अध्यक्षपद अनुताईंवर आलं. पुढच्याच वर्षी पंचविशीतला मुलगा अपघातात गेला. कंपनी तोट्यात, शेअर 400 वरून 36 वर. अशा वेळी कंपनी विकून घरी बसता आलं असतं. त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळ नव्याने बांधलं आणि गाडी रुळावर आल्यावर 2004 मध्ये खुर्ची मुलीकडे सोपवली. 2002 मध्ये गुजरात दंगलीनंतरच्या मदत छावण्या पाहून आल्यावर उद्योगपतींच्या सभेत उघड बोलल्या. तेव्हा किती पुरुष उद्योगपती बोलले?

भाऊ_चिंचवड
सल्लागारांच्या अहवालाची किंमत कोण मोजतं ते आमच्या घराला विचारा. माझे वडील एमआयडीसीतल्या एका दुसऱ्याच कारखान्यात फिटर होते. असाच अहवाल आला आणि व्हीआरएसच्या (स्वेच्छानिवृत्तीच्या) कागदावर सही करून ते घरी आले. पन्नाशीच्या माणसाला कोण घेतो कामावर? त्यामुळे 'कंपनी सावरली' वाचलं की मला कापरं भरतं.

आणि खासदारकीचं म्हणाल, तर घटनेच्या 80व्या कलमात साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा आहे. उद्योग नाही. आगा आधी सोनिया गांधी अध्यक्ष असलेल्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेवर, मग 2012 ला राज्यसभेत. राहुल बजाज 2006 ला निदान अपक्ष उभे राहिले, आमदारांची मतं घेऊन गेले.

रेवती_कोथरूड
बजाजांच्या मागे भाजप, सेना, राष्ट्रवादी उभे होते. ती मतं त्यांनी दारोदार फिरून मिळवली नव्हती. आणि आगांची नेमणूक समाजसेवेसाठीच होती. टाटा इन्स्टिट्यूटमधून समाजकार्य शिकलेली बाई, आकांक्षा आणि टीच फॉर इंडिया या गरीब मुलांच्या शिक्षणासाठीच्या संस्थांचं काम वर्षानुवर्षं करणारी.

मास्तर_हडपसर
आकांक्षाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. त्यांच्या शाळांची इमारत महापालिकेची, मुलं वस्तीतली आणि माध्यम इंग्रजी! मी पालिकेच्या मराठी शाळेत आयुष्य काढलं. आमच्या वर्गांचा पट दरवर्षी घसरत गेला. आम्ही फळ्याला रंग मागितला तरी फाइल फिरत राहायची. संस्थेच्या शाळेला मात्र कंपनीचा पैसा, तरुण शिक्षक, पाहुण्यांच्या भेटी. हाच पैसा मराठी वर्गात का नाही आला?

सायली_येरवडा
मास्तर, माझी आई धुणीभांडी करते. धाकटा भाऊ अशाच शाळेत शिकला. पालिकेच्या मराठी शाळेत मी सातवीपर्यंत होते आणि दोन वर्षं गणिताला शिक्षकच नव्हते. मराठी टिकवायचा भार आमच्याच मुलांनी का उचलायचा? तुमची मुलं कुठल्या माध्यमात शिकली?

मास्तर_हडपसर
मराठी. दोघंही. घरावर येऊ नका. शिक्षक नव्हते कारण भरती बंद होती, हा माझा गुन्हा नाही.

सायली_येरवडा
तो आगांचाही नाही.

भाऊ_चिंचवड
सायलीताई, तुमच्या भावाचं बरं झालं, आनंद आहे. पण दानशूर व्यक्तीने शाळा चालवाव्यात म्हणजे सरकार सुटलं. खासदार झाल्यावर आगांनी शिक्षकभरतीसाठी रान उठवायला हवं होतं. सहा वर्षं होती हातात, 2018 पर्यंत.

रेवती_कोथरूड
नामनियुक्त खासदाराला राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतसुद्धा नसतं. पाठीशी पक्ष नाही, मतदारसंघ नाही. रान कुणाला घेऊन उठवणार?

भाऊ_चिंचवड
मी तेच तर म्हणतोय! लढून आल्या असत्या तर मागे माणसं असती. गुजरातबद्दल बोलल्या ते धाडस होतं, तेवढं मान्य. बाकी एक शब्द मागे घेणार नाही.

मास्तर_हडपसर
आणि मराठी वर्गांचं काय, ते अजून कुणीच सांगितलं नाही.